त्या दिवशी आई कुठे होती

नवं राज्य झालं हे गादीशेठला कळलं ते रंगाच्या वासावरून. सकाळी बसच्या आगारात पाऊल टाकलं, तर रांगेनं उभ्या असलेल्या गाड्यांच्या अंगावरचं जुन्या राज्याचं नाव खरवडून काढलेलं आणि दोन रंगारी शिड्या लावून तिथे नवं नाव रंगवत होते. आत सीटा त्याच होत्या. फाटलेल्या, काथ्या बाहेर आलेल्या, कुणी तरी बसल्या बसल्या ब्लेडनं चिरलेल्या. त्या सीटा शिवायचं काम गादीशेठचं. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. रेक्झिनचे तुकडे, दाभण, मेण लावलेला दोरा आणि कामातून गेलेली कंबर, एवढाच त्याचा बारदाना. पण आगारात कुणाला सरळ नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, आणि दिवसभर गाद्यांवर बसून असतो म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"नुसतं नाव बदलून गाडी सुधारते का रे?" त्यानं शिडीवरच्या रंगाऱ्याला विचारलं.

"तुमच्या सीटांना पण एकेक नाव ठेवा, बघू काय होतंय," रंगारी वरून म्हणाला.

एका राज्याची दोन कशी होतात, हे गादीशेठला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. राज्यघटनेत म्हणे तशी सोय आहे. संसदेच्या मनात आलं तर राज्य कापता येतं, जोडता येतं, हद्द इकडची तिकडे सरकवता येते. ज्याचं अंग कापायचं त्या राज्याचं मत तेवढं विचारावं लागतं. विचारावं लागतं; ऐकावं लागत नाही. आता विचारायचं आणि आपल्या मनातलंच करायचं हा प्रकार घरोघरी चालतो, तर एकट्या संसदेला काय म्हणून नावं ठेवायची?

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नव्या राज्याच्या एका अंगाला नदी होती आणि नदीपलीकडे दुसरा देश. नव्या सुनेनं घरात आल्या आल्या सगळे डबे उघडून बघावेत, तसं नव्या सरकारनं ठरवलं की नदीकाठच्या गावातली सगळी जुनी माणसं एकदा तपासून घ्यायची. ही इथलीच ना, एवढं बघायचं. नियम सोपा होता. घटना लागू झाली त्या दिवशी नदीच्या अलीकडे ज्याचं राहणं होतं तो या देशाचा नागरिक. त्याआधी दोन्ही काठ मिळून एकच मुलूख होता, एकच गाव होतं आणि मध्ये एक पूल होता. म्हाताऱ्या माणसांना फक्त एक प्रश्न विचारायचा होता: त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

पडताळणीवाली बाई गल्लीत आली तेव्हा गादीशेठ कामावर होता. शेजारचे काका ठार बहिरे. त्यांनी प्रश्न ऐकलासुद्धा नाही. बाईचे ओठ हलायचे थांबले तसे ते "इथेच!" म्हणून ओरडले आणि नागरिक होऊन आत निघून गेले. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांनी "इथेच" म्हटलं. त्यातली दोन-चार तरी त्या दिवशी कुठे होती हे देव जाणे. मग बाई गादीशेठच्या दारात आली. आई ओट्यावर बसून चष्मा पुसत होती.

"पलीकडे," आई म्हणाली. "माहेरी."

बाईचं पेन थांबलं. बाई भली होती. "आजी, नीट आठवून सांगा हं," ती म्हणाली.

"मला नीटच आठवतंय. पलीकडे होते."

झालं. काही दिवसांनी नोटीस आली. सुनावणीला हजर राहा. त्या दिवशी आपलं सर्वसाधारण राहणं अलीकडे होतं हे पटवून द्या. नाही पटलं तर परदेशी म्हणून नोंद होईल आणि पुढचा निर्णय लागेपर्यंत पुलाजवळच्या निवारागृहात राहावं लागेल. हे निवारागृह म्हणजे जुनं मालगोदाम होतं. गादीशेठ तिथं एकदा जुनी बाकडी दुरुस्त करायला गेला होता. पत्र्याचं छप्पर, उंचावर एवढ्याएवढ्या खिडक्या, आणि भिंतीला लावलेल्या खाटा. त्यातल्या एका खाटेवर आई त्याच्या डोळ्यांसमोर दिसायला लागली. पलीकडच्या देशात आता तिचं चिटपाखरूही उरलेलं नव्हतं. तो देश तिला घेणार नाही आणि हा ठेवणार नाही, म्हणजे ती त्या खाटेवरच राहणार, हे समजायला वकिलाची गरज नव्हती.

"पण तुम्ही 'इथेच' म्हणून मोकळ्या का नाही झालात?" बायकोनं सासूला विचारलं. सूर चिडलेला नव्हता. घरात सगळेच चिडून चिडून थकले होते.

"मी तिथे होते म्हणून," आई म्हणाली.

घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गादीशेठचे वडील ती रंगवून सांगत. बाळंतपणानंतर हिची प्रकृती काही धरेना, म्हणून हिला हवापालटाला माहेरी पाठवली. तेवढ्यात देशाची वाटणी, नवी घटना, पुलावर फाटक. शेवटी मी गेलो आणि फाटक बंद व्हायच्या आत हिला घेऊन आलो! इथे वडील मांडीवर थाप मारत आणि आई उठून आत पाणी आणायला जाई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण गोष्ट तशीच राहिली होती. गादीशेठचं स्वतःचं काही अडलं नव्हतं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता आणि वडिलांजवळ अलीकडेच होता.

"दोन वर्षांचं लेकरू घरी ठेवून कोण हवापालटाला जातं हो?" बायकोनं त्याला एकदा भाजी चिरता चिरता विचारलं होतं.

"तेव्हाची माणसं वेगळी होती," तो म्हणाला होता, आणि विषय तिथंच संपला होता.

वकील कचेरीच्या जिन्याखाली बसे. जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांची धूळ. सगळे त्याला जिनावकील म्हणत. तोही मनावर घेत नसे. नोटीस वाचून त्यानं ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"सर्वसाधारण राहणं म्हणजे काय?" तो म्हणाला. "माणूस चोवीस तास घरात थोडाच बसतो? तो दवाखान्यात असेल, परगावी असेल, बाईमाणूस असेल तर माहेरी असेल. पण परत यायचा इरादा असेल तर तो इथलाच. सगळा खेळ इराद्याचा आहे. आजीबाई, तुम्हाला एकच विचारतील. जाताना परत यायचा विचार होता का? तुम्ही म्हणायचं, होता. संपलं."

"आणि नसला तर?" आईनं विचारलं.

वकील हसला. "नसता तर आत्ता माझ्यासमोर कशा बसला असतात?"

"ते निराळं," आई म्हणाली.

गादीशेठला वाटलं, म्हातारपणाचा तिरकसपणा. आई आधी शाळेत शिकवायची, त्यामुळे समोरच्याची चूक काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. कचेरीत खेटे घालून घालून त्याचे पाय दुखायला लागले होते. आज साहेब नाहीत, उद्या या. उद्या या खिडकीवर नाही, त्या खिडकीवर. त्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. आगारातला मुकादम रजेचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. हे भिजत घोंगडं एकदाचं संपावं, एवढंच त्याला हवं होतं.

घरी तो तिच्याकडून पाठ करून घ्यायला लागला.

"परत यायचा विचार होता का?" तो ताट बाजूला सारून विचारायचा.

"बघू," आई म्हणायची.

"बघू नाही. होता म्हण."

"परीक्षा त्या दिवशी आहे ना? मग आज कशाला?"

बायको गालातल्या गालात हसायची आणि मग हसू आवरून भांडी आवरायला लागायची.

सुनावणीच्या दिवशी सकाळी दोघं बसनं निघाली. आईला खिडकीशी बसवून गादीशेठ तिच्या शेजारी टेकला. बसल्यावर पुढच्या सीटचे टाके बघायची त्याची खोड होती. आईनंही ते बघितले.

"ही तू शिवलीस?"

"हो."

"वाकडे आलेत टाके."

"आई, आज तरी माझी वही तपासू नकोस."

ती थोडं हसली. मग बाहेर बघत म्हणाली, "मी हवापालटाला गेले नव्हते रे."

एखादा दोरा हाताला ढिला लागला की पुढची सगळी शिवण उसवणार हे गादीशेठला बोटांनीच कळायचं. तसं आता कळलं.

"तुझे वडील जेवत होते, मी वाढत होते," आई सांगायला लागली. "गावात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. कुठल्या काठाला राहायचं? ज्या काठाला राहाल त्या देशाचे होणार. कोण सामान इकडून तिकडे नेतोय, कोण तिकडून इकडे. माझं सगळं पलीकडे होतं. आई, भाऊ, माझी शाळा. मी रोज पूल ओलांडून शिकवायला जायचे. आणि हे घास चावता चावता म्हणाले, आपण अलीकडेच राहायचं ठरवलंय. मी म्हटलं, कुणी ठरवलं? म्हणाले, मी. मला विचारलंत का? तर म्हणाले, तुला काय विचारायचं त्यात? आणि ताट पुढे केलं, वाढ म्हणून."

"मग?"

"मग वाढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघून गेले. कायमची."

गाडी एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली. गादीशेठच्या तोंडून जे निघालं ते त्याला स्वतःलाच ओळखू आलं नाही. पन्नाशी उलटलेल्या, कंबरेला पट्टा बांधणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

"मला का नाही नेलंस?"

"तुला ताप होता," आई म्हणाली. "आणि तुला नेलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. तुझ्यासाठी. माझ्यासाठी येतात का, ते मला बघायचं होतं."

त्याला राग आला. फार राग आला. पण रागालाही अंगात बळ लागतं आणि ते या काही महिन्यांत सगळं त्या कचेरीच्या जिन्यावर सांडून गेलं होतं.

"हे सगळं आजच सांगायचं होतं?"

"आज विचारणार आहेत म्हणून. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

"आई, हे बघ. आत गेलीस की 'होता' म्हण. एक शब्द. मग बाहेर येऊन मला काय वाटेल ते सांग, मी ऐकतो."

"उभ्या जन्मात मी एक गोष्ट स्वतःच्या मनानं ठरवली. तीसुद्धा ठरवली नव्हती म्हणून सांगू?"

"हो. सांग. माझ्यासाठी सांग."

"तुझ्यासाठी," आई म्हणाली, आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीला ओल, वर कुरकुरणारा पंखा, एकमेकींना साखळीनं बांधलेल्या खुर्च्या. खुर्च्या कोण चोरून नेणार होतं कुणास ठाऊक. टेबलापलीकडे अधिकारी मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. त्यांना सर्दी झालेली होती आणि त्या थर्मासमधलं गरम पाणी झाकणात ओतून घोट घोट पीत होत्या. त्यांच्या समोर सकाळपासून किती म्हातारेकोतारे येऊन गेले होते ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. बाजूला एक कारकून टाइप करायला बसला होता. जिनावकील भिंतीला टेकून उभा होता आणि उभ्या उभ्या त्याचा डोळा लागत होता.

"आजी, बसा," मॅडम म्हणाल्या. "पाणी हवंय का? नको? बरं. घटना लागू झाली त्या दिवशी तुम्ही पलीकडे होतात. माहेरी. बरोबर?"

"बरोबर."

"किती दिवस होतात तिथे?"

"काही आठवडे."

"आणि मग परत आलात. नंतर कधी पलीकडे राहायला गेलात?"

"नाही. फाटक झालं ना. भाऊ वारला तेव्हासुद्धा जाता आलं नाही."

मॅडमनी मान हलवली. सगळं सरळ चाललं होतं. "मग एकच विचारते. इथून निघताना परत यायचा तुमचा विचार होता ना?"

तो 'ना' त्यांनी मुद्दाम जोडला होता. त्या 'ना'ला धरून कुणीही सहज अलीकडे आलं असतं. गादीशेठ आईकडे बघून मान डोलवत होता. आपण डोलवतोय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. आईनं त्याच्याकडे बघितलं.

"नव्हता," ती म्हणाली.

कारकुनाची बोटं थांबली. मॅडमनी झाकण खाली ठेवलं. "आजी, प्रश्न कळला ना तुम्हाला?"

"कळला. मी शिक्षिका होते."

"मॅडम, तिचं वय झालंय, ती जरा..." गादीशेठ उठून उभा राहिला.

"वय झालंय. डोकं गेलेलं नाही," आई म्हणाली. "तू खाली बस."

तो बसला. मॅडमनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. थकलेल्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. "हे बघा, तुमचं मूल इथे होतं. दोन वर्षांचं. मूल ठेवून कुठली आई कायमची जाते?"

"मी गेले," आई म्हणाली. "आणि उन्हाळा होता. मी बोचक्यात शाल, कोट आणि दोन स्वेटर बांधून घेतले होते. चार दिवसांसाठी जाणारी बाई भर उन्हाळ्यात गरम कपडे नेत नाही."

गादीशेठ जमिनीकडे बघत होता. भिंतीला लावलेली खाट त्याला दिसत होती आणि त्या खाटेपेक्षाही ते दोन स्वेटर त्याला जास्त दिसत होते. घरात ताप आलेलं पोर झोपलंय आणि आई कपाट उघडून स्वेटर काढतेय. त्याला रडू आलं असतं, पण समोर कारकून होता.

"मी हे असंच लिहून घेतलं तर मला काय निकाल द्यावा लागेल, कळतंय ना तुम्हाला?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"तुमचं काम तुम्ही करा. मी माझं केलं."

तेवढ्यात भिंतीला टेकलेला जिनावकील दचकून जागा झाला. काय झालंय ते त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं. तो पुढे आला, घसा खाकरला, कोटाचं बटण लावलं. त्या कोटाला एकच बटण उरलेलं होतं.

"मॅडम, एक मुद्दा मी राखून ठेवला होता," तो म्हणाला. राखूनबिखून काही नव्हता, त्या क्षणी आठवला होता. "घटना लागू झाली त्या दिवशी जो कायदा चालू होता त्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईचा अधिवास म्हणजे तिच्या नवऱ्याचा अधिवास. नवरा अलीकडे, म्हणजे बायको अलीकडे. ती प्रत्यक्षात कुठे होती आणि तिच्या मनात काय होतं, हा प्रश्नच उद्भवत नाही."

मॅडमनी मागच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच खुलला असावा.

"अगदी बरोबर. नंतर बदलला हा नियम, पण त्या दिवशी हाच होता." त्यांनी पुस्तक मिटलं. "आजी, तुम्ही नागरिक आहात. पहिल्या दिवसापासून आहात. तुम्ही काय ठरवलं होतं त्यानं काहीच फरक पडत नाही."

कारकून हसला. जिनावकिलानं गादीशेठच्या पाठीवर थाप मारली. गादीशेठचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, ते नाकारण्यात अर्थ नाही. खाट गेली, पत्रे गेले, मुकादमाचं तोंड गेलं.

"मग मला विचारलं कशाला?" आई म्हणाली.

मॅडमनी थर्मासला झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

कारकुनानं कागद पुढे सरकवला. अर्जदार त्या दिवशी पतीच्या निवासस्थानी राहत असल्याचे मानण्यात येते, असं त्यात होतं. आईनं चष्मा सारखा करून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन हातात घेऊन तशीच बसली. गादीशेठला तिचा हात दिसत होता. याच हाताकडून त्यानं महिनाभर 'होता' गिरवून घ्यायचा प्रयत्न केला होता. वडिलांनी ताट पुढे केलं होतं, आपण ताट बाजूला सारून तेच केलं, असं त्याला वाटलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"आई," तो म्हणाला, "कर सही. तू गेली होतीस. मला माहीत आहे."

आईनं सही केली. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं सुबक होतं.

बाहेर ऊन कडक झालं होतं. थांब्यावर सावली नव्हती, म्हणून दोघं जाहिरातीच्या फलकामागे जाऊन उभी राहिली. गाडी लवकर येणार नव्हती. आगारात कुठल्या गाड्या बिघडून पडल्यात हे गादीशेठला चांगलं ठाऊक होतं.

"परत का आलीस मग?" त्यानं विचारलं.

"हे मात्र आत कुणी विचारलं नाही, नाही का?" आई म्हणाली. "भाऊ एक दिवस घरी येऊन म्हणाला, आता थोड्या दिवसांत पूल बंद होतोय, तुझं नाव मी इकडेच घालून टाकलंय. मी म्हटलं, मला विचारलंस? म्हणाला, तुला काय विचारायचं त्यात?"

गादीशेठला हसू आलं. आईलाही आलं. दोघंही फार दमलेली होती, म्हणून ते हसू लवकर थांबलं नाही.

"आणि तुझा ताप उतरला की नाही, ते कळत नव्हतं," हसू थांबल्यावर आई म्हणाली. "ते काही केल्या डोक्यातून जाईना."

"बाबा आले होते ना आणायला?"

"पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभे होते. तुला कडेवर घेऊन. पुलावर पाऊल टाकलं नाही त्यांनी. न जाणो, तेवढ्यात फाटक लागलं तर? सावध माणूस. मी पूल चालत आले. मग त्यांनी माझ्या हातातलं बोचकं घेतलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आणलं हिला." तिनं पदरानं मान पुसली. "वाईट नव्हते रे ते. रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे म्हणे तिथे. पण गेले तेही मीच, आले तेही मीच."

दोघं घरी पोचली तेव्हा बायको दारातच होती. शेजारचे काका त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गल्लीतल्या दोन-तीन बायकाही काही तरी काम काढून बाहेर रेंगाळत होत्या. कुणाच्या आईला नेतात की ठेवतात, ही काही रोजरोजची गोष्ट नव्हती.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं. आई इथलीच आहे," गादीशेठ म्हणाला.

"देव पावला. म्हणजे हवापालटाचं पटलं तर त्यांना."

गादीशेठ उत्तर देणार, तोच काकांनी नेहमीप्रमाणे न ऐकताच मान डोलवली. "मी म्हणतच होतो!" ते ओरडले. "त्या दिवशी इथेच होती ती! इथेच!"

गादीशेठनं आईकडे बघितलं. ती ओट्याच्या कडेला बसून वाकून चपला काढत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. त्यानं काकांच्या खुर्चीजवळ जाऊन, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आगारात इंजिनाच्या आवाजावर ओरडतात तसा तो ओरडला.

"नाही, काका! त्या दिवशी आई इथे नव्हती! घर सोडून गेली होती! कायमची!"

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"काय?" काका म्हणाले.

"सोडून गेली होती! आणि मग स्वतःच्या पायांनी परत आली! कुणी आणली नाही तिला!"

काकांनी सगळं कळल्यासारखी मान डोलवली. आई चपला हातात धरून तशीच बसली होती. मग तिनं त्या एकीला एक लावून भिंतीशी नीट ठेवल्या.

"ते गरम कपड्यांचं बोचकं घेऊन," ती म्हणाली. "भर उन्हात. केवढं जड होतं."